बहिऱ्या बालकाच्या दोन भाषा
शहापूर तालुक्यातील भातसा-तानसाचे पाणी मुंबईला अखंड पोचते. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत १९८३ पासून साठलेले ज्ञान मात्र शहापूर-मुरबाडच्या पाड्यांकडे तितक्या निगुतीने वाहत नाही. १८८० च्या मिलान परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार केली. व्हँकुव्हर परिषदेने त्याबद्दल खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, तब्बल १३० वर्षांनी! खुणांमुळे बोलणे खुंटते ही भीती निराधार आहे. भाषेविना गेलेली पहिली वर्षे मात्र सहजी भरून निघत नाहीत. बालकाला खुणा व मराठी बोली, दोन्ही हव्यात. २०१६ च्या कायद्याने बहिऱ्यांना योग्य भाषेत शिक्षण देण्याची जबाबदारी स्वीकारली. पण खुणा प्रथम आईने शिकावयाच्या, आणि वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकरी आईचा बुडालेला रोज कोण देणार? शासनाने तो द्यावा, आणि शिक्षकाला भट्टीवर पाठवावे.