सायकल घेतली, आता रस्ता शिकवा



आज खताची मात्रा किंवा घाटेअळीचा बंदोबस्त यांविषयी लिहायचे नाही. आज सायकलविषयी लिहायचे आहे. विस्तार अधिकाऱ्याला सायकलीचे काय पडले आहे, असे कोणी म्हणेल. पण थोडे ऐकून घ्या.

गेल्या वर्षी ऊसतोडीच्या दिवसांत चिंचोळी एमआयडीसीजवळच्या एका गावी मी हरभऱ्याचा प्लॉट पाहायला गेलो होतो. घराला कुलूप. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पोरगं दवाखान्यात हाय, सगळी सोलापूरला गेल्यात." परतताना मी दवाखान्यात डोकावलो. अकरा वर्षांचा मुलगा, मांडीपासून पाय प्लास्टरमध्ये. दिवाळीत वडिलांनी त्याला नवी सायकल घेऊन दिली होती. महामार्गाच्या बाजूच्या रस्त्यावरून, जवळ पडते म्हणून, तो उलट्या बाजूने चालला होता. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, टेप मोठ्याने चाललेला. मुलगा घाबरून कडेला गेला, डांबराच्या कडेवरून चाक खाली घसरले आणि तो पडला. ट्रॉलीचे चाक थोडक्यात चुकले. पायावर निभावले.

वडील बाकावर बसले होते. मला म्हणाले, "साहेब, सायकल घेऊन दिली, पण रस्ता शिकवायचा राहून गेला."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. बैल नवा असला तर आपण त्याला आधी मोकळ्या रानात फिरवतो, जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतो, आणि मगच गाडी रस्त्यावर काढतो. पोराला मात्र सायकल दिली की आपले काम झाले, असे आपण समजतो.

पूर्वी कोण शिकवीत असे?

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव आपल्या घराघरात लोखंडी नांगरामुळे माहीत आहे. पण नांगराच्या आधी, 1888 साली, त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते. सायकल तेव्हा नवलाची वस्तू होती, म्हणून विकणारे लक्ष्मणराव ती चालवायलाही शिकवीत. आज दुकानदार हवा भरून सायकल हातात देतो. त्याच्याकडून अधिक अपेक्षा करता येत नाही. शिकवण्याचे काम आता आईबापांचे.

आमच्या लहानपणी आम्ही भाड्याची सायकल तासावर आणून, दांड्याखालून पाय घालून, हाफ पायडल मारत शिकलो. गुडघे फुटले, पण जीव गेला नाही, कारण रस्त्यावर दिवसाकाठी एसटीच्या दोन फेऱ्या आणि चार बैलगाड्या असत. आज आपल्या शिवाराला लागून पुणे-हैदराबाद महामार्ग चौपदरी झाला आहे. चिंचोळीच्या कारखान्यांत मोटारीच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट बनतात, रसायने बनतात, त्यांची वाहने येतात-जातात. आपल्यातल्या कित्येकांच्या घरची चूल त्या नोकरीवर पेटते, तेव्हा त्याविषयी तक्रार नाही. पण "आम्ही शिकलो तशी पोरं शिकतील" हे आता चालणार नाही.

कोणी म्हणेल, मग सायकल कुलूपबंद करून ठेवावी. तेही बरोबर नाही. माझे सांगणे असे की आठवड्यातून एक सकाळ काढा, घरातल्या सायकली बाहेर काढा, आणि मुलांना घेऊन आपल्याच शिवारात फेरफटका मारा. सहलही होते आणि शिकवणीही होते.

सायकल मापाची हवी

वाढत्या अंगाचा सदरा घेतो तशी वाढत्या वयाची सायकल घेऊ नका. मूल सीटवर बसले असता दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. सहा-सात वर्षांच्या मुलाला 16 इंची चाक पुरते, आठ-नऊला 20 इंची, त्यापुढे 24 इंची. वयापेक्षा उंची पाहावी. निघण्याआधी चार गोष्टी मुलाच्याच हाताने तपासून घ्या: हवा, दोन्ही ब्रेक, साखळी आणि घंटी. मागे लाल चकाकी असू द्या. मुलींच्या ओढणीचे टोक आणि परकराचा घेर साखळीत अडकतो, म्हणून साखळीवर झाकण हवेच.

आपल्याकडे सराटा आणि वेड्या बाभळीचा काटा फार. पंप, चिकटपट्टी आणि सोल्युशन बरोबर असावे. पंक्चर काढायला दहा वर्षांचे पोर सहज शिकते, आणि एकदा शिकले की त्याला आपण मोठे झालो असे वाटते.

कोठे जावे?

पहिल्या दिवशी जाऊन-येऊन चार किलोमीटर पुष्कळ झाले. महिन्याभराने आठ-दहा करता येतात. मुलांबरोबर तासाला आठ किलोमीटरचा हिशेब धरा आणि थांबायला वेगळा वेळ ठेवा.

महामार्ग आणि त्याच्या बाजूचा रस्ता पहिले काही महिने वर्ज्य. एमआयडीसीतले आतले रस्ते रुंद आणि गुळगुळीत दिसतात, म्हणून मोह होतो. पण तेथे उभ्या ट्रकच्या मागून माणूस दिसत नाही आणि ट्रक मागे घेताना चालकाला मूल दिसत नाही. कामाची पाळी बदलते त्या वेळी तर तिकडे फिरकूच नये.

आपली खरी जागा म्हणजे पाणंद, गाडीवाट आणि शिवरस्ता. गावच्या मारुतीपासून निघावे, ओढ्यापर्यंत जावे, तेथून आपल्या रानात, आणि दुसऱ्या वाटेने घरी. एक मोठे माणूस पुढे, एक मागे, मुले मध्ये, एकामागे एक. मातीच्या वाटेवर वेग कमी राहतो आणि तोल पक्का होतो. खड्डा आला तर काय करावे, समोरून बैलगाडी आली तर कोणत्या बाजूला व्हावे, कुत्रे अंगावर आले तर कसे उतरावे, हे तेथे शिकता येते. रेल्वेचा रूळ आला की सर्वांनी उतरून, दोन्ही बाजू पाहून, सायकल हातात धरून जावे. हा नियम आपल्यालाही लागू. आपण उतरलो नाही तर पोर उतरणार नाही.

या फेऱ्यांत हात बसला की मग एक दिवस मुलाला महामार्गापर्यंत न्या. तेथे सायकलवरून उतरून अर्धा तास नुसते उभे राहा. गाडी किती लांब दिसते आणि किती लवकर येते, हे त्याला मोजू द्या. डाव्या बाजूनेच का जायचे, उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला आपली घंटी का ऐकू येत नाही, पहिली ट्रॉली गेली तरी मागे दुसरी असते, हे त्याच्या डोळ्यांनी पाहू द्या. ओलांडायचे ते पायी, सायकल हातात धरून.

शिवार वाचायला शिकवा

एका शेतीशाळेत मी सातवीतल्या मुलाला विचारले, "बाळ, तुमचे रान कोठे?" तो म्हणाला, "कंपनीच्या पाण्याच्या टाकीमागं." गट नंबर माहीत नाही, बांधकरी कोण ते माहीत नाही, ओढ्याचे नाव माहीत नाही. यात त्या मुलाचा दोष नाही. त्याला कोणी तिकडे नेलेच नाही.

म्हणून फेरीत तीन जागी थांबा. एका ठिकाणी काळी माती आणि मुरमाड माती दोन्ही हातांत घेऊन दाखवा. दुसऱ्या ठिकाणी हद्दीचा दगड दाखवा आणि बांधापलीकडच्या काकांना मुलाकडून राम राम घालवा. तिसऱ्या ठिकाणी ज्वारीच्या पाटीजवळ बसा. हे हुरड्याचे दिवस आहेत. मालदांडी 35-1 हे वाण आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीने तयार झाले आणि दूरवर गेले, हे मुलाला तेथेच सांगा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सायकलवर नेण्यासाठीच केली असावी इतकी सोयीची. पाणी मात्र घरून न्यावे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा नवाच्या आत घरी परतावे.

आणि भगिनींनो, तुम्ही डबा भरून देऊन घरी थांबू नका. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1991 सालापासून साक्षरतेच्या मोहिमेबरोबर हजारो खेड्यातल्या बाया सायकल शिकल्या. बिहार सरकारने 2006 साली नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, आणि पुढे अभ्यासकांनी मोजले तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे 32 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. शाळा लांब म्हणून मुलीचे नाव काढायचा विचार ज्या घरात चालू असेल, त्या घराने हे ध्यानात घ्यावे.

पाणंदच राहिली नाही तर?

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, साहेब, पाणंद आहे कोठे? दोन्हीकडच्या बांधांनी ती खाल्ली. हे खरे आहे. दरवर्षी नांगराचे एक तास बाहेर सरकते, आणि वीस वर्षांनी गाडीवाटेची पायवाट होते. आपल्यापैकी कोणाचा नांगर सरकला नाही, हे ज्याचे त्याने मनात पाहावे.

गावचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यावर तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग, त्याची रुंदी सव्वाआठ फूट. आधी नकाशा समोर ठेवून चार जाणत्यांनी बसावे, बहुतेक प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास शेतरस्त्यातला अडथळा काढून मिळावा म्हणून मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पाणंद पक्की करण्यासाठी मातोश्री ग्राम समृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना 2021 साली निघाली आहे. ग्रामपंचायतीत त्याची चौकशी करावी.

पाणंद मोकळी झाली तर उसाची गाडी जाईल, मळणीयंत्र जाईल, आणि आपल्या पोराला सायकल शिकायला महामार्गावर जावे लागणार नाही. हा तिसरा फायदा कोणी अर्जात लिहीत नाही. मी म्हणतो, तो पहिला लिहावा.

त्या मुलाचा पाय आता बरा आहे. गेल्या महिन्यात हरभरा पाहायला पुन्हा गेलो, तेव्हा बापलेक ओढ्याकडून येताना दिसले. वडील पुढे, जुन्या काळ्या सायकलीवर, मुलगा मागे, आणि त्याच्या मागे धाकटी बहीण. वाटेवर एक बैलगाडी आली. वडील काही बोलले नाहीत. मुलाने आपणहून डावी बाजू धरली, पाय टेकला, आणि मागे वळून बहिणीला हात केला, "थांब, गाडी जाऊ दे."

येत्या रविवारी तुम्हीही निघा. हवा मात्र शनिवारीच भरून ठेवा.