लिओटार्ड : एका पुरुषाच्या नावाचा कपडा आणि बीडच्या मुलींच्या खेळाचा प्रश्न

जिम्नॅस्टिक्स किंवा मल्लखांब करणाऱ्या मुलीचा व्हीडिओ व्हायरल झाला की, खालच्या कमेंट्समध्ये दोन गट पडतात. एक तिच्या कसरतीचं कौतुक करतो, दुसरा तिच्या कपड्यांवर बोलतो. 'हे आपल्या संस्कृतीत बसत नाही', 'खेळायला एवढे तंग कपडे कशाला?' असं म्हटलं जातं.

ज्या कपड्यावरून हा वाद होतो, त्याचं नाव लिओटार्ड. मैदानावर खेळाडू आणि पालक त्याला नुसतं 'कॉश्च्युम' म्हणतात. हा कपडा आला कुठून? तो सक्तीचा आहे का? आणि बीडसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न महत्त्वाचा का ठरतो?

नाव कुणाचं?

झ्यूल लेओतार हा फ्रान्समधल्या तुलूझ शहरातला कसरतपटू. 12 नोव्हेंबर 1859 रोजी पॅरिसच्या सर्कशीत त्याने एका झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर झेप घेतली. सर्कशीतल्या उडत्या झुल्याच्या खेळाची सुरुवात तिथून मानली जाते.

सैल कपडा दोरीत अडकला तर जीव जाण्याची भीती. म्हणून तो अंगाला घट्ट बसणारा, विणलेल्या कापडाचा, लांब बाह्यांचा एकसंध पोशाख घालायचा. तो स्वतः त्याला 'मायो' म्हणायचा. 1870 मध्ये, ऐन तिशीत, त्याचा मृत्यू झाला. त्याचं नाव या कपड्याला चिकटलं ते त्यानंतर, 1880 च्या दशकात आणि इंग्रजी भाषेत. फ्रेंच लोक आजही जिम्नॅस्टच्या पोशाखाला वेगळाच शब्द वापरतात.

म्हणजे आज ज्याला 'मुलींचा तोकडा कपडा' म्हटलं जातं, तो मुळात एका पुरुषाचा, कामासाठीचा आणि बराचसा अंगभर पोशाख होता.

महाराष्ट्रालाही झुल्याचा खेळ नवा नाही. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये मुंबईत 'ग्रेट इंडियन सर्कस' सुरू केली. त्यात त्यांच्या पत्नी झुल्यावर कसरती करत, अशी नोंद सर्कशीच्या इतिहासात आहे.

मुलाला वेगळा न्याय, मुलीला वेगळा?

बीडमध्ये तंग कपड्यातला खेळाडू म्हटलं की आधी आठवतो तो पैलवान. पाटोद्याचा राहुल आवारे याने 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात सुवर्ण आणि 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्यपदक जिंकलं.

मातीतली कुस्ती लंगोटावर होते. मॅटवर मात्र सिंगलेट घालावा लागतो. हाही अंगाला चापून बसणारा एकसंध कपडा, फक्त मांडी झाकणारा. कारण तेच, सैल कपडा प्रतिस्पर्ध्याच्या हातात सापडतो. लंगोटावरच्या पैलवानाकडे गाव अभिमानाने पाहतं. तिथे संस्कृतीचा प्रश्न निघत नाही. महिला कुस्तीपटूही सिंगलेटच घालतात, पण मुलीच्या अंगावर तोच कपडा आला की चर्चा सुरू होते.

नियम काय सांगतात?

मुलींच्या जिम्नॅस्टिक्समध्ये पाय उघडे ठेवण्याची सक्ती नाही. घोट्यापर्यंत पाय झाकणारा एकसंध पोशाख आंतरराष्ट्रीय नियमांत बसतो. त्याला युनिटार्ड म्हणतात.

एप्रिल 2021 मध्ये जर्मनीची सारा फोस युरोपियन स्पर्धेत तो घालून उतरली. त्याच वर्षी जुलैमध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत जर्मनीचा अख्खा महिला संघ याच पोशाखात दिसला. खेळाडूला ज्या कपड्यात मोकळं वाटतं तो तिने निवडावा, अशी त्यांची भूमिका होती. 2024 मध्ये न्यूझीलंडने लिओटार्डवर शॉर्ट्स किंवा लेगिंग्ज घालायला परवानगी दिली.

उलट उदाहरणही आहे. जुलै 2021 मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाने बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या, म्हणून संघाला 1,500 युरो दंड झाला. जगभरातून टीका झाल्यावर नियम बदलला.

म्हणजे कुठे 'जास्त झाका' म्हणतात, कुठे 'कमी झाका'. दोन्हीकडे निर्णय खेळाडूऐवजी दुसरंच कुणीतरी घेतं.

बीडमध्ये हा मुद्दा का महत्त्वाचा?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयोगटातल्या 43.7 टक्के महिलांचं लग्न 18 वर्षांच्या आत झालं होतं. राज्यात हे प्रमाण 21.9 टक्के होतं.

याचं कारण कपडे नाहीत. दरवर्षी दिवाळीच्या आसपास इथली हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. मागे राहिलेल्या वयात आलेल्या मुलीची काळजी, गरिबी आणि नवरा-बायकोच्या जोडीला मिळणारी 'कोयत्या'ची उचल, यातून लग्नं लवकर उरकली जातात.

आता वयाचं गणित पाहा. आंतरराष्ट्रीय महिला जिम्नॅस्टिक्समध्ये वरिष्ठ गटात खेळायला मुलगी त्या वर्षी किमान 16 वर्षांची व्हावी लागते. खेळ जिथे खऱ्या अर्थाने सुरू होतो, त्याच वयात इथल्या अनेक मुलींचं लग्न ठरतं. आधीच अडचणी असलेल्या मुलीसाठी 'असले कपडे नकोत' हे खेळ बंद करण्याचं आणखी एक सोपं कारण ठरू शकतं.

कोयता, गरिबी आणि स्थलांतर हे प्रश्न एका दिवसात सुटणारे नाहीत. कपड्याची अडचण मात्र सुटू शकते. शाळेच्या क्रीडा शिक्षकाने पालकांना एवढंच सांगायचं, की पूर्ण पाय झाकणारा पोशाख नियमात बसतो. आणि मग तो घालायचा की लिओटार्ड, हे त्या मुलीला विचारायचं.