वेशभूषा स्पर्धा पुरे, मुलांच्या हाती कॅमेरा द्या



सर्वधर्मसमभाव हा विषय आपल्या बहुतेक शाळांत अजूनही वेशभूषा स्पर्धेतच अडकला आहे. एकाच्या डोक्यावर जाळीची टोपी, दुसऱ्याच्या गळ्यात क्रूस, एक समूहगीत, चार घोषणा, की कार्यक्रम आटोपला. त्यातून मूल एवढेच शिकते की माणूस कपड्यांवरून ओळखायचा असतो. ही स्पर्धा बंद करावी आणि आठवी-नववीच्या मुलांकडून आपल्याच तालुक्याच्या धार्मिक इतिहासावर दहा मिनिटांचा माहितीपट करून घ्यावा, अशी माझी मागणी आहे.

विषय शोधायला लांब जावे लागत नाही. आमच्या रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. चेऊलकर, पेणकर, दिवेकर ही त्यांची आडनावे. १८७४ साली पुण्यात छापलेल्या त्यांच्या हगाद्यात, म्हणजे वल्हांडण सणाच्या पोथीत, हिब्रूशेजारी मराठी आहे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, पण अलिबागचे सिनेगॉग आजही उभे आहे.

सिनेमाच्या इतिहासातही धर्मांची अशी सरमिसळ दिसते. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेला ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट. दिग्दर्शक अर्देशीर इराणी पारशी, ज्यांच्या नाटकावर तो बेतला ते जोसेफ डेव्हिड बेने इस्रायल, नायक मास्टर विठ्ठल मराठी, आणि पडद्यावरचे पहिले गाणे गाणारे वझीर महंमद खान मुसलमान.

पण अशी माहिती फळ्यावर लिहून दिली तर परीक्षेनंतर पुसली जाते. माहितीपट करताना मुलाला दार ठोठावावे लागते, प्रश्न विचारावा लागतो, उत्तर संपेपर्यंत गप्प बसावे लागते. आमच्या वर्गाने असा प्रयोग केला, तेव्हा एक आजी मलिद्याबद्दल बोलल्या. पोहे, ओले खोबरे, साखर, फळे असे ताट शेजारच्या इस्रायली घरात मांडले की आमच्या पोरांनाही बोलावणे यायचे, असे त्यांनी सांगितले. पाठोपाठ म्हणाल्या, ‘‘पण आमच्या घरचं पाणी त्यांना द्यायला माझ्या सासूला चालायचं नाही.’’ संकलन करणाऱ्या मुलीने हे दुसरे वाक्य कापले, कारण ते ऐकायला बरे वाटत नव्हते. त्यावर वर्गात तासभर वाद झाला आणि वाक्य परत जोडले गेले. एका कात्रीने माणसाचे म्हणणे कसे फिरते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले. मोबाइलवर येणारी द्वेषाची चित्रफीत याच कात्रीतून निघते, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

‘धर्माचा विषय शाळेत आणला की भांडणे होतील’, असे काही पालक म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाही. पण विषय शाळेने टाळला म्हणून मुलांपासून लांब राहत नाही. तो रात्री फोनवर येतो आणि तिथे उलट प्रश्न विचारणारे कोणी नसते. म्हणून शाळेने चार नियम पाळावेत. चित्रीकरणापूर्वी परवानगी घ्यावी. ऐकलेली गोष्ट आणखी एका ठिकाणी पडताळावी. परंपरा असेल तर ती परंपरा म्हणूनच सांगावी. आणि तयार माहितीपट आधी त्यात बोललेल्या माणसांना दाखवावा.

याला खर्च नाही. शिक्षकाचा एक फोन पुरतो. दहावीच्या इतिहासात ‘उपयोजित इतिहास’ आणि ‘मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास’ ही प्रकरणे आहेतच. शिक्षण विभागाने अशा माहितीपटांना प्रकल्पाचे गुण द्यावेत आणि वर्षातून एकदा तालुक्याच्या ठिकाणी ते गावकऱ्यांना दाखवण्याची सोय करावी. शेजाऱ्याचा धर्म त्याच्याच तोंडून ऐकण्याची सवय शाळेत लागली नाही, तर पुढे ती कोण लावणार?

– एक इतिहास शिक्षिका, जि. रायगड