आडवे व्हा, मग बघू!

माणसानं आजारी कसं पडावं याचंही एक शास्त्र आहे, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. इतके दिवस माझी समजूत अशी, की 'आजारी पडणं' यातलं 'पडणं' हे नुसतं बोलण्यापुरतं. प्रेमात पडणं, पेचात पडणं, तसंच हे. प्रत्यक्षात कोणी पडत नाही. पण सरकारी आरोग्यविम्यानं तो शब्द अगदी अक्षरशः घेतला आहे. तुम्ही पडलात, म्हणजे खाटेवर आडवे झालात, तर तुम्ही आजारी. उभे असाल तर ठणठणीत आहात, घरी जा.

झालं असं. 2024 च्या ऑक्टोबरात सरकारनं 'आयुष्मान भारत'ची दारं सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना उघडली. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत. आमच्या आईला चौऱ्याहत्तरावं चालू. मी तातडीनं कार्ड काढून आणलं. आईनं ते दोनदा वाचलं, कपाळाला लावलं आणि देवघरात अन्नपूर्णेच्या शेजारी ठेवलं. "पाच लाख! अरे, तुझ्या वडिलांनी जन्मभर नोकरी केली, पण एकरकमी एवढे कधी पाहिले नाहीत." मी खूष. बँकेत रोज दुसऱ्याचे पैसे मोजणाऱ्याच्या घरी स्वतःचं म्हणावं असं काहीतरी आलं होतं.

आईला दोन जुने सोबती आहेत, मधुमेह आणि थायरॉइड. पैकी थायरॉइडचा राग तिला जास्त. कारण ती गोळी पहाटे रिकाम्या पोटी घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास चहा नाही. साखर बंद केली तेव्हा ती काही बोलली नव्हती. त्या अर्ध्या तासात मात्र घरातलं कोणी तिच्यासमोर जात नाही. गेल्या वर्षी दोघांनीही एकदम डोकं वर काढलं. आमचे नेहमीचे डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "हे आता माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. एकदा एण्डोक्रायनॉलॉजिस्टना दाखवा."

आईला ते आडनाव वाटलं. "दक्षिणेकडचे का रे ते?"

मी म्हटलं, "आडनाव नव्हे गं. शरीरातल्या ग्रंथींचे डॉक्टर. थायरॉइड, स्वादुपिंड, पिट्यूटरी हे सगळं त्यांचं खातं."

"मग कार्ड घेऊन जाऊ," आई म्हणाली. देवघरातून पाच लाख खाली उतरले.

आता ही डॉक्टरांची जात दुर्मिळ. एमबीबीएसनंतर एमडी, त्यानंतर आणखी तीन वर्षांचं डीएम. एवढं शिकून होईपर्यंत माणसाचे स्वतःचे केस पांढरे व्हायला लागतात. परळच्या केईएममध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. पण आमच्या गावापासून परळ म्हणजे रात्रीची एस. टी. आणि दोन दिवसांची रजा. दर तीन महिन्यांनी चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला ते कसं झेपायचं? म्हणून जवळचाच शोधायचं ठरलं. दोन सापडले. दोघांकडे कार्ड चालत नव्हतं. एकाच्या स्वागतिकेनं तर ते उलटसुलट करून असं परत दिलं, की जणू मी तिला लग्नाची पत्रिका दिली होती आणि तिला यायला जमणार नव्हतं.

मग योजनेत बसणाऱ्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. कार्ड पुढे केलं.

"पेशंट कुठे ॲडमिट आहे?"

"ॲडमिट नाही. ह्या काय, उभ्या आहेत."

"काका, मग नाही चालणार. ॲडमिट असेल तरच. ओपीडी यात येत नाही."

"अहो, पण तपासल्याशिवाय कळणार कसं, ॲडमिट करायचं की नाही ते?"

"चार नंबरला विचारा."

मी चार नंबरला गेलो. चार नंबरनं मला सात नंबर दाखवला. सात नंबरची बाई जेवायला गेली होती. त्या क्षणी मला गेल्या बावीस वर्षांतले आमच्या शाखेतले यच्चयावत खातेदार आठवले आणि मी मनोमन त्यांची माफी मागितली.

आई हे सगळं ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "अरे, मग मी पडते की दोन दिवस. तेवढीच विश्रांती."

ती हे विनोदानं म्हणाली नव्हती. तिथून माझं हसू गेलं.

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. औषधातलं मला कळत नाही, जमाखर्चातलं थोडंफार कळतं. तेव्हा या योजनेचा ताळेबंद जरा मांडून बघू. मधुमेह हा चालता-बोलता आजार आहे. थायरॉइडही तसाच. त्याला खाट लागत नाही. लागते ती एक खुर्ची, शहाणा डॉक्टर, रक्ताची तपासणी आणि रोजची गोळी. म्हणजे एण्डोक्रायनॉलॉजिस्टचं बहुतेक काम ओपीडीतच. आणि योजना डॉक्टर जोडून घेत नाही, रुग्णालयं जोडून घेते. खुर्च्या मोजत नाही, खाटा मोजते. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस तिच्या हिशेबात धरतात. पण मुळात दाखलच न झालेल्या माणसाचे 365 दिवस कोणाच्याच हिशेबात नाहीत.

आता याच मधुमेहाकडे दुर्लक्ष करा. वर्षानुवर्षं डॉक्टरचं तोंड बघू नका. मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, मग आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस करावं लागेल. ते योजनेत बसतं! म्हणजे मूत्रपिंड वाचवायचं तर स्वतःच्या खिशातून, घालवलं की सरकारच्या. घराला आग लागल्यावर बंब फुकट, पण बादलीभर पाणी विकत घ्या, अशातला हा प्रकार. आमच्या बँकेत एखाद्यानं असं कर्ज मंजूर केलं असतं, तर ऑडिटरनं त्याला उभा चिरला असता. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत. दहा कोटी उभी माणसं! ती सगळी आडवी होण्याची वाट बघणं हे धोरण दयेचं तर नाहीच, हिशेबाचंही नाही.

कोणी म्हणेल, सरकारी आरोग्य केंद्रात साखर तपासतात, गोळ्याही मिळतात. मिळतात, आणि त्याबद्दल मी ऋणी आहे. पण जिथे त्या केंद्रातले डॉक्टर हात टेकतात, तिथून पुढे चालणाऱ्या माणसाला दार नाही, एवढंच माझं म्हणणं. कोणी म्हणेल, उभ्या रोग्याचा विमा काढणं जमण्यासारखं नाही. तर महाराज, 1952 साली सुरू झालेल्या कामगारांच्या राज्य विमा योजनेत उभ्या कामगाराला डॉक्टर आणि औषध मिळतं. 1954 पासून केंद्र सरकार आपल्या नोकरांसाठी दवाखाने चालवतं. तिथेही तपासून घ्यायला आडवं व्हावं लागत नाही. म्हणजे माणूस उभ्यानंही आजारी असतो, हे सरकारला सत्तर वर्षांपासून ठाऊक आहे. फक्त ते ज्ञान कचेरीच्या आवारातच फिरतं.

माझं मागणं फार नाही. त्या पाच लाखांतले वर्षाला पाच हजार उभ्या माणसाच्या नावे काढून ठेवा. तज्ज्ञाच्या चार भेटी, चार तपासण्या. बाकीचे तुमच्याकडेच राहू देत.

सध्या आम्ही फी भरून दाखवतो. मला परवडतं, कुरकुरत का होईना. पण परवा आई म्हणाली, "तीन महिन्यांनी कशाला? सहा महिन्यांनी जाऊ. मला काही होत नाही." तिला काही होत नव्हतं, असं नाही, तिनं माझं पासबुक पाहिलं होतं. शेजारच्या गल्लीतल्या किती म्हाताऱ्या असंच म्हणत असतील, आणि त्यांच्या मुलांना ते खरंही वाटत असेल!

कार्ड पुन्हा देवघरात गेलं आहे. आमच्या बँकेत असं पडून राहिलेलं खातं पुन्हा चालू करायचं, तर खातेदारानं स्वतःच्या पायांनी शाखेत यावं लागतं. इथे मात्र पाय चालताहेत तोवर खातं चालूच होत नाही.