जडवस्तूंच्या वहीतील संगणक

वर्धा शहराला लागून वाढलेल्या पिपरी मेघेला २०११ च्या जनगणनेने शहर म्हणून नोंदले. कारभाराची चौकट मात्र ग्रामपंचायतीचीच होती. वस्ती वाढली, गरजा वाढल्या, पण त्या पुरवणारी रचना जुनीच राहिली. अशा गावांतील शाळा, पतसंस्था आणि लहान कार्यालये यांतील संगणकांचेही काहीसे असेच झाले आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी ते विकत घेतले गेले तेव्हा त्यांच्याकडून अपेक्षा होती ती चार पत्रे टंकलिखित करण्याची आणि हिशेबाचा एखादा तक्ता मांडण्याची. आज त्याच यंत्रावर शिक्षकांच्या वेतनाची ‘शालार्थ’ प्रणाली उघडायची असते, यू-डायसची माहिती भरायची असते, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीच्या आत पाठवायचे असतात. पान उघडण्यास पाच मिनिटे लागतात. तेवढ्यात संकेतस्थळ लिपिकाला बाहेर काढते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. मग निदान होते की, संगणक गेला, आता नवा घ्यावा.

संगणक बहुधा गेलेला नसतो. त्याला बसायला जागा अपुरी पडत असते. त्याच्या पोटात दोन प्रकारची साठवण असते. एक दप्तरखान्यातील कपाटासारखी, जिच्यात सर्व कागद कायमचे राहतात. दुसरी लिपिकाच्या मेजासारखी, जिच्यावर हातातील काम पसरलेले असते आणि वीज गेली की जी रिकामी होते. हिलाच बाजारात रॅम म्हणतात. मेज लहान असले की एक फाईल काढताना दुसरी कपाटात ठेवावी लागते, आणि पुन्हा ती हवी झाली की पुन्हा उठावे लागते. संगणकही नेमके हेच करतो. दोन जीबी रॅमच्या यंत्रावर आजचा ब्राउझर आणि विषाणूरोधक प्रणाली एकत्र चालू केली की त्याचा बहुतेक वेळ या ये-जा करण्यातच जातो. लिपिक आळशी नसतो. मेज मोठे करून दिले तर तोच मनुष्य निम्म्या वेळात काम उरकतो.

मेज मोठे करण्याची ही क्रिया जितकी गूढ मानली जाते तितकी ती नाही. पेटीची एक बाजू उघडायची, मुख्य पट्टावरील रिकामी खाच शोधायची आणि तीत बोटभर रुंदीची पट्टी दोन्ही टोकांनी दाबून बसवायची. मात्र पट्टी त्याच पिढीची हवी. डीडीआर-२, डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या पट्ट्यांना लागणारा विद्युतदाब वेगळा आणि त्यांच्यावरील कापही वेगळ्या जागी असतो, जेणेकरून चुकीची पट्टी बसूच नये. बळाने बसवू पाहणारे शूर वीर आढळतात, ही गोष्ट निराळी. दुसरी अडचण अदृश्य असते. यंत्रावरील प्रणाली ३२ बिटांची असेल तर ती सर्वसाधारणपणे ४ जीबीपलीकडची स्मृती वापरूच शकत नाही. आठ जीबी बसवूनही निम्मी वाया जाते, आणि दोष दुकानदारास दिला जातो. तिसरी गोष्ट गल्लीतील प्रत्येक दुरुस्तीवाल्यास ठाऊक आहे. कित्येकदा नवी पट्टी लागतच नाही. धूळ बसून मळलेली जुनी पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर पेन्सिलीचे खोडरबर हलकेच फिरवले की मृत म्हणून घोषित झालेला संगणक उठून बसतो.

एवढे सोपे असूनही हे होत का नाही? याचे उत्तर यंत्रात नसून वहीत आहे. शाळेत आलेला संगणक पहिल्याच दिवशी जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘डेडस्टॉक’मध्ये चढतो. त्या वहीला वस्तूचे येणे आणि निर्लेखन होऊन जाणे एवढेच ठाऊक असते. मधल्या काळात तिला काय दुखते-खुपते याचा रकाना तिच्यात नाही. अनुदानाची रीतही तशीच. समग्र शिक्षा योजनेत माहिती-तंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेसाठी एकदाच ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पाच वर्षे दरसाल २ लाख ४० हजार रुपयांपर्यंत तरतूद ठरवण्यात आली. सहाव्या वर्षी काय? महाराष्ट्राने तो अनुभव घेतलेला आहे. शाळांतील संगणक प्रयोगशाळा पाच वर्षांच्या कराराने खासगी कंपन्यांकरवी चालवल्या गेल्या. करार संपताच संगणक शिक्षकांच्या नेमणुका संपल्या आणि अनेक ठिकाणी खोलीला कुलूप लागले. त्यानंतर उरते ते शाळेचे संयुक्त अनुदान. ३१ ते १०० विद्यार्थ्यांच्या शाळेस ते वर्षाला २५ हजार रुपये असते. विजेचे देयक, पाणी, खडू, स्वच्छता हे सारे त्यातच. या रकमेतून मुख्याध्यापकाने रॅमची पट्टी विकत घ्यावी आणि पुढे लेखापरीक्षकाला ती कशासाठी हे समजावून सांगावे, ही अपेक्षा धाडसाचीच म्हटली पाहिजे.

पिपरीपासून हाकेच्या अंतरावर, वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्यालय होते. यंत्राविषयीची गांधीविचारांची भूमिका सरधोपटपणे ‘यंत्रविरोध’ म्हणून सांगितली जाते. परंतु १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले, त्याच्या अटी आजच्या खरेदी समित्यांनी वाचण्यासारख्या आहेत. यंत्राची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, वेळच्या वेळी देखभाल झाल्यास ते किमान वीस वर्षे चालावे, आणि त्या देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये! पारितोषिक कोणासही मिळाले नाही. पण दुरुस्तीचा खर्च हा यंत्राच्या किमतीचाच भाग आहे, हे त्या अटी लिहिणाऱ्यांना कळले होते.

दुसरी बाजू नाकारण्याचे कारण नाही. प्रत्येक जुने यंत्र वाचवण्याच्या योग्यतेचे नसते. डीडीआर-२ च्या काळातील संगणकावर आज पैसा घालणे म्हणजे वीज आणि मनस्ताप विकत घेणे होय. विंडोज १० चे नियमित सुरक्षा साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि विंडोज ११ नुसत्या स्मृतीवर संतुष्ट होत नाही. तिला प्रक्रियकही ठरावीक पिढीनंतरचा लागतो. म्हणजे २०१३ च्या संगणकात कितीही रॅम घातली तरी ही अट पुरी होत नाही. अशा यंत्रावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवावी लागते. ते अशक्य नाही. केरळच्या सरकारी शाळांनी गेली सुमारे दोन दशके मुक्त प्रणालीवरच मुलांना संगणक शिकवला आहे. शिवाय स्वस्ताईचा युक्तिवादही पूर्वीइतका निर्धास्त राहिलेला नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य केंद्रांना स्मृती पुरवण्याकडे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांचा ओढा वळल्याने २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ रोजी किरकोळ ग्राहकांसाठीची आपली ‘क्रुशियल’ ही नाममुद्रा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. परदेशातील एखाद्या केंद्राची भूक पिपरीच्या शाळेतील खरेदीपर्यंत येऊन पोहोचते ती अशी.

परंतु हीच महागाई जुन्या पट्ट्यांचे मोल वाढवते, इकडे दुर्लक्ष होते. बंद खोलीतील दहा संगणकांपैकी चारांचे पट्ट जळालेले असतील. त्यांच्या पोटातील पट्ट्या बहुधा शाबूत असतात. एकाच पिढीची यंत्रे असतील तर त्या पट्ट्या उरलेल्या सहांपैकी चारांत बसवता येतात, आणि एक पैसाही न खर्चता त्यांत दोनाच्या जागी चार जीबी होतात. त्यासाठी प्रत्येक शाळेने स्वतंत्रपणे धडपडण्याची आवश्यकता नाही. पंचायत समितीच्या स्तरावर सुट्या भागांचा साठा ठेवावा, निर्लेखनापूर्वी जाणकाराने पेटी उघडून पाहिल्याचा दाखला सक्तीचा करावा, आणि नोंदवहीत दुरुस्तीचा रकाना वाढवावा. मनुष्यबळाची वाण तर पिपरीला नाहीच. बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय २०१७ पासून तेथेच आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांच्या दोन-तीन तुकड्या भोवतालच्या शाळांत गेल्या तर कोणते यंत्र जगेल आणि कोणते नाही याची यादी जूनच्या आत तयार होईल. जी जगणार नाहीत ती भंगारवाल्याच्या गाडीवर चढू नयेत, एवढे मात्र पाहावे लागेल. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांखाली नोंदणी झालेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच ती गेली पाहिजेत. जाण्यापूर्वी त्यांच्यातील रॅम तेवढी काढून ठेवावी.