एका ओळीची आज्ञा

यंत्राकडून काम करून घेणें ही जितकी सोयीची, तितकीच जबाबदारीची गोष्ट आहे. यांपैकीं सोय आमच्या विद्यार्थ्यांना लौकर कळते. जबाबदारी कळावयास वेळ लागतो. संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक ओळ लिहावी, एक कळ दाबावी, आणि कित्येक तासांचे श्रम वांचविणारें साधन क्षणांत हजर व्हावें, याची मुलांना मौज वाटते व पालकांना अभिमान वाटतो. दोन्ही भावना स्वाभाविक आहेत. परंतु साधन बसवितां आलें म्हणजे विद्या आली, ही जी समजूत रूढ होत आहे ती आम्हांस मान्य नाहीं.

एक उदाहरण घेऊं. समजा, एखाद्या शाळेच्या संगणक-दालनांत लिनक्सवर चालणारीं वीस यंत्रें आहेत. प्रत्येक यंत्रापुढें बसून तेच प्रोग्रॅम घालणें, तींच खातीं उघडणें, यांत शिक्षकाची सबंध दुपार जाते. हें काम आपोआप करणारें 'ॲन्सिबल' नांवाचें एक साधन आहे. मायकेल डीहान यांनीं तें २०१२ सालीं प्रसिद्ध केलें. २०१५ सालीं तें रेड हॅट या कंपनीकडे गेलें. तें विनामूल्य मिळतें आणि त्याची घडण कोणासहि वाचतां येते. यंत्रांची यादी आणि तीं कोणत्या स्थितींत असावींत याचें टिपण लिहून दिलें, कीं हें साधन एका यंत्रावर बसून बाकी सर्वांची व्यवस्था लावतें. जें आधींच योग्य स्थितींत आहे त्यास तें सहसा हात लावीत नाहीं, हा त्याचा मोठा गुण होय.

हें साधन 'पायथन' या भाषेंत लिहिलेलें आहे. गुइडो व्हान रोसम यांनीं १९९१ सालीं जगापुढें आणलेल्या या भाषेला 'पिप' नांवाचा एक कारभारी २००८ सालीं मिळाला. 'पिप इन्स्टॉल ॲन्सिबल' एवढे तीनच शब्द लिहावेत. पिप लगेच 'पायथन पॅकेज इंडेक्स' या सार्वजनिक कोठारांतून ॲन्सिबल उतरवून घेतो. इतकेंच नव्हे, तर ॲन्सिबल ज्यांच्या आधारावर उभें आहे तीं जिंजा, पायवायएमएल, क्रिप्टोग्राफी इत्यादि पॅकेजेंहि न सांगतां आणून बसवितो. शब्द आपले तीन. पण त्यांबरोबर कित्येक अपरिचित माणसांचें काम आपल्या घरांत येतें. बहुतेक माणसें सज्जन असतात, म्हणूनच हा व्यवहार चालतो. तथापि घरांत कोण आलें हें पाहणें हें घरधन्याचें कर्तव्य सुटत नाहीं.

तें न पाहिल्यास काय होतें, याचे दाखले जुने नाहींत. २०१७ सालीं याच कोठारांत प्रसिद्ध पॅकेजांच्या नांवांशीं मिळतीं नांवें धारण केलेलीं कांहीं खोटीं पॅकेजें सांपडलीं. एकानें तर मूळ नांवांतील दोन 'एल'पैकीं फक्त एक गाळला होता. घाईनें लिहिणाऱ्या हाताची एक चूक, आणि परका प्रोग्रॅम यंत्रांत शिरला! त्याच्या आदल्या वर्षीं जावास्क्रिप्ट भाषेच्या कोठारांतून अवघ्या अकरा ओळींचें एक पॅकेज त्याच्या कर्त्यानें काढून घेतलें, तेव्हां त्यावर विसंबलेलीं हजारों कामें एकाएकीं अडून बसलीं. त्यांतील अनेकांस आपण या अकरा ओळींवर उभे आहों याची वार्ताहि नव्हती.

मग करावें काय? साधनें वापरूंच नयेत काय? मुळींच नव्हे. तीं कशीं वापरावींत याचा धडा आपल्या रायगडच्या किनाऱ्यानेंच घालून ठेविला आहे.

मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत पृथ्वीच्या चुंबकत्वाचीं मापनें १८४१ पासून होत असत. पुढें शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें. त्यांच्या विद्युत्प्रवाहानें मापनें बिघडतील हें ओळखून १९०४ सालीं अलिबागेस नवी वेधशाळा उभारण्यांत आली. तिच्या इमारतीसाठीं चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड आणविला. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणचीं मापनें एकाच वेळीं घेऊन ताडून पाहिलीं, आणि मगच कुलाब्याचें काम थांबविलें. यांत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. नाजूक काम निराळ्या जागेंत करावें, ही एक; आणि नव्यावर विसंबण्यापूर्वीं तें पारखून घ्यावें, ही दुसरी.

पायथनमध्येंहि अशी निराळी जागा करतां येते. तीस 'व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट' म्हणतात. तेथें बसविलेलीं पॅकेजें यंत्राच्या मूळ पायथनमध्यें मिसळत नाहींत. २०२३ सालीं निघालेल्या डेबियन १२ मध्यें तर या मूळ पायथनमध्यें कांहीं बसवूं गेल्यास पिप स्वतःच नकार देतो आणि निराळी जागा करावयास सांगतो. ही जागा गोंधळापासून वांचविते, दुष्ट प्रोग्रॅमपासून मात्र नव्हे. म्हणून नांव व आवृत्ति तपासणें आलेंच. पारखण्याचीहि सोय आहे. ॲन्सिबलला 'चेक' अशी सूचना दिली, कीं तें प्रत्यक्ष बदल न करितां काय बदललें असतें तें बहुतांशीं सांगतें. आधीं अशी तालीम, मग एका यंत्रावर प्रयोग, आणि शेवटीं वीसांवर अंमल, हा क्रम सोडूं नये. कारण जें साधन वीस यंत्रें एकदम सुधारतें, तेंच चुकीच्या टिपणानें वीस यंत्रें एकदम बिघडवूं शकतें.

दुसरा धडा पेण-अलिबागच्या खारेपाटांतला. तेथील बांधांना उघाड्या असतात. भरतीचें पाणी रेटा देतें तेव्हां उघाडीचें दार आपोआप मिटतें. ओहोटी लागली कीं आंतलें पाणी तें ढकलून बाहेर पडतें. माणसानें हात लावावा लागत नाहीं. परंतु म्हणून खारेपाटांतला शेतकरी निश्चिंत झोंपतो काय? दारांत गाळ साचला किंवा खेकड्यांनीं बांध पोखरला, तर खांड पडून खारें पाणी भातशेतींत शिरतें, हें तो जाणतो. उघाडी आपोआप चालते. तिची राखण आपोआप होत नाहीं. ॲन्सिबलचेंहि तसेंच आहे. कोणती आवृत्ति बसविली हें लिहून ठेवणें, दोष दुरुस्त केलेली नवी आवृत्ति आली कीं ती पारखून घेणें, आणि नको तें काढून टाकणें, हीच त्याची राखण.

यावर कोणी म्हणतील, "इतके नियम सांगितले तर मुलें बिचकतील. आधीं बसवूं द्या, समज मागाहून येईल." या आक्षेपांत तथ्य आहे. करून पाहिल्यावांचून विद्या येत नाहीं. परंतु येथें मागणें मोठें नाहीं. ओळ लिहिण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें आपल्या वहींत चार प्रश्नांचीं उत्तरें लिहावींत: मी काय बसवीत आहें? तें कोणी केलें? त्याबरोबर आणखी काय येणार? बिघडल्यास मी तें काढणार कसें? यास दहा मिनिटेंहि लागत नाहींत. शिक्षकांनीं गुण द्यावयाचे ते पडद्यावरील यशाच्या संदेशास नव्हे, तर या चार उत्तरांस द्यावेत. पालकांनींहि "बसलें का?" एवढेंच न विचारतां, "काय बसविलेंस, मला समजावून सांग," असें म्हणावें. ज्यास तें आईला सोप्या मराठींत सांगतां येईल, त्यास तें समजलें असें खुशाल मानावें.

विद्यार्थिमित्रांनो, उद्यां तुमच्यापैकीं कोणी बंदरांत, कोणी इस्पितळांत, कोणी बँकेंत अशीं साधनें बसवाल. त्या वेळीं वीस नव्हे, हजारों यंत्रें तुमच्या एका ओळीची वाट पाहत असतील, आणि त्यांच्यामागें माणसें असतील. ती ओळ लिहिण्याचा अधिकार तुम्हांस मिळो. पण त्याआधीं ती वाचण्याची संवय याच शाळेंत लागो, एवढीच आमची इच्छा आहे.