कार रेसिंगमध्ये बायका-पुरुष एकाच शर्यतीत उतरू शकतात, मग राधानगरीच्या मुलीची वाट अडते कुठे?

ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर पुण्याच्या डायना पंडोले यांनी राष्ट्रीय कार रेसिंगचं विजेतेपद जिंकलं. गट होता सलून कारचा आणि गाडी टोयोटा इटिऑस. राष्ट्रीय कार रेसिंगमध्ये अजिंक्य ठरलेली पहिली भारतीय महिला, अशा बातम्या तेव्हा देशभर झळकल्या. पेशाने शिक्षिका आणि दोन मुलांची आई, हेही हेडलाईनमध्ये आलं.

पण या विजयातली खरी गोष्ट वेगळीच आहे. पंडोले यांनी महिलांच्या गटात बक्षीस मिळवलेलं नाही. तो सगळ्यांचा गट होता आणि त्यात पुरुषही होते.

सलून कार म्हणजे काय?

फॉर्म्युला वन म्हटलं की उघड्या चाकांची, बाणासारखी गाडी डोळ्यांसमोर येते. सलून गटात मात्र तुमच्या-आमच्या दारात उभी असते तशीच गाडी धावते. आतल्या सीटा आणि सजावट काढून टाकतात, लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवतात, टायर आणि सस्पेन्शन बदलतात. अमेरिकेतल्या 'स्टॉक कार' रेसिंगचा जन्मही असाच झाला. स्टॉक म्हणजे शोरूममधून निघालेली गाडी.

गटात सगळ्यांना एकाच मॉडेलची गाडी असली की पैशाच्या जोरावर भारी इंजिन आणता येत नाही. वळणाला ब्रेक कधी दाबायचा आणि टायर शेवटच्या फेरीपर्यंत कसे टिकवायचे, यावर निकाल ठरतो. आतल्या उकाड्यात डोकं शांत ठेवावं लागतं. ही कामं बाई करते की पुरुष, याने गाडीला काही फरक पडत नाही. म्हणूनच कार रेसिंग हा बायका-पुरुष एकाच रेषेवरून सुरुवात करतात अशा मोजक्या खेळांपैकी एक आहे.

मग बायका इतक्या कमी का?

याचं उत्तर अमेरिकेच्या इतिहासात सापडतं. नासकार या स्टॉक कार मालिकेची पहिली शर्यत १९४९ मध्ये शार्लट इथे झाली आणि त्यात सारा ख्रिश्चन ही महिला चालक होती. त्याच वर्षी एका शर्यतीत ती पाचवी आली. पाऊणशे वर्षं उलटली, तरी नासकारच्या सर्वोच्च मालिकेत कुठल्याही महिलेला त्याहून वरचा क्रमांक मिळालेला नाही. १९७७ मध्ये जॅनेट गथ्री सहावी आली. २०१३ मध्ये डॅनिका पॅट्रिकने डेटोना ५०० च्या पात्रता फेरीत सगळ्यांना मागे टाकून पहिली जागा पटकावली, पण मालिकेतली शर्यत जिंकणं तिलाही जमलं नाही.

गथ्री मुळात एरोस्पेस इंजिनिअर. इंडियानापोलिस ५०० आणि डेटोना ५०० या दोन्ही शर्यतींत उतरलेली ती पहिली महिला. तिची कारकीर्द थांबली ती वेग कमी पडला म्हणून नव्हे. प्रायोजक मिळाले नाहीत, हे तिने पुढे अनेकदा सांगितलं.

राधानगरीतून निघालं तर?

आता हेच गणित आपल्याकडे मांडून बघा. राधानगरीतल्या एखाद्या मुलीला स्टिअरिंगची आवड आहे असं धरू. दाजीपूरवरून फोंडा घाट उतरताना हात चांगला तयार होतो, पण रस्ता म्हणजे ट्रॅक नव्हे. तिथे वेगाची हौस भागवणं म्हणजे स्वतःच्या आणि समोरच्याच्या जिवाशी खेळ.

तिच्या जमेची बाजू म्हणजे जिल्हा. कुस्ती आणि फुटबॉलसारखंच कोल्हापूरला रेसिंगचंही वेड आहे. ध्रुव मोहिते राष्ट्रीय स्पर्धांत चमकले, कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेले. पण ही ठळक नावं मुलांची आहेत.

पुढची पायरी म्हणजे परवाना. इथे आरटीओचं लायसन्स पुरत नाही. मोटर स्पोर्ट्सची राष्ट्रीय संघटना एफएमएससीआय स्पर्धेचा वेगळा परवाना देते. राष्ट्रीय शर्यती प्रामुख्याने चेन्नई आणि कोइम्बतूरला होतात. राधानगरीहून चेन्नई हजार किलोमीटरच्या आसपास. प्रवेश फी, टायर, मेकॅनिक, आगीपासून वाचवणारा सूट, हेल्मेट, मुक्काम असा खर्च प्रत्येक फेरीला वाढत जातो. इथे घरात प्रश्न उभा राहतो, की एवढा पैसा पोरीच्या गाडी पळवण्यावर घालायचा का? मुलासाठी हाच प्रश्न विचारला जातो, पण उत्तर बऱ्याचदा वेगळं मिळतं.

दार कुठून उघडतं?

पंडोले यांची वाट या बाबतीत बघण्यासारखी आहे. २०१८ मध्ये महिला चालकांसाठी जेके टायरचा एक उपक्रम झाला, त्यातून त्या ट्रॅकवर आल्या. म्हणजे आत येण्याचं दार महिलांसाठी वेगळं होतं, पण शर्यत सगळ्यांची एकच. सहा वर्षांत त्या राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत पोचल्या. पुढे २०२५ मध्ये आखाती देशांतल्या फेरारी क्लब चॅलेंजसाठी त्यांचं नाव जाहीर झालं. त्यातली फेरारी २९६ चॅलेंज सुमारे ७०० हॉर्सपॉवरची. रस्त्यावरच्या पेट्रोल इटिऑसची ताकद साधारण ९०.

पंडोले यांच्या विजयाने 'बायकांना जमेल का' हा वाद मिटायला हरकत नाही. उरतो तो पैशाचा आणि संधीचा प्रश्न. निवड चाचण्या मोठ्या शहरांपुरत्या न ठेवता कोल्हापूरसारख्या ठिकाणी घेतल्या, पहिल्या एक-दोन हंगामांचा खर्च प्रायोजकांनी उचलला, तर राधानगरीची मुलगी निदान सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचेल. हिरवा दिवा लागल्यावर काय करायचं, ते तिचं ती बघून घेईल.